ती. आई-बाबांस, जर्सी सिटीहून

सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे. पण ताईला सांगितलेली गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धीच पोचलेली दिसते. "तुरुंगातून सुटलेल्या माणसाबरोबर राहतोय" एवढंच ऐकून आईने जेवण टाकलं म्हणे. म्हणून सविस्तर लिहितो.

मार्कस आमच्याच ऑफिसात आहे. विशीत असताना त्याने गाडी चोरली, शिक्षा भोगली. सुटल्याला दहाएक वर्षं झाली असतील. माझ्यापेक्षा लवकर झोपतो, माझ्यापेक्षा नीट भांडी घासतो.

घर भाड्याने देण्याची इथली पद्धत अजब आहे. आधी अर्ज, त्याची फी प्रत्येकाने वेगळी भरायची. मग एखादी कंपनी आपलं सगळं उकरून काढते: पगार, उधारी, जुन्या घरमालकाशी झालेली भांडणं, कोर्टकज्जे. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२२ पासून कायदा आलाय. मालकाने आधी सशर्त होकार द्यायचा, गुन्ह्याचं रेकॉर्ड मगच बघायचं. नुसती अटक झाली आणि शिक्षा नाही, तर ती धरायचीच नाही. शिक्षा झालेली असली तरी ती किती वर्षं धरायची याला मुदत आहे: सगळ्यात खालच्या श्रेणीच्या गुन्ह्याला १ वर्ष, मधल्या दोन्हींना ४, वरच्या श्रेणीला ६. तुरुंगवास झाला असेल तर तो संपल्यापासून मोजायचं. खून आणि काही लैंगिक गुन्हे मात्र कधीच जुने होत नाहीत. तेव्हा आई, इथे कोणीही येऊन राहतं असं नाही.

पण जास्तीत जास्त चार घरांची इमारत असेल आणि मालक तिथेच राहत असेल, तर हा कायदा लागत नाही. आम्ही पहिलं पाहिलेलं घर नेमकं तसलं. मालकीणबाईंनी दारातच गुन्ह्याबद्दल विचारलं. मार्कसने खाकी पाकीट पुढे केलं, आत कोर्टाचे कागद आणि मॅनेजरचं पत्र. बाईंनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "कळवते" म्हणाल्या. मोठ्या बिल्डिंगमध्ये होकाराचं पत्र आधी आलं आणि गाडं अडलं ते माझ्यापाशी, कारण मला क्रेडिट स्कोअरच नव्हता. मार्कसच्या स्कोअरवर घर मिळालं. हे ताईलाही सांगा.

बाबा, तुम्ही सेक्रेटरी असताना सोसायटीत "बॅचलर नकोत" हा ठराव झाला होता, आठवतं? त्या पोरांच्या नावावर तर एक चलनही नव्हतं. रागावू नका, सहज आठवलं.

डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, पण तेवढं घेतलंच. त्यामुळे या महिन्यात पैसे कमी पाठवतोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकलू नका, तारीख ठरवा, मी बघतो. गणपतीला येणं जमत नाहीये. दिवाळीचं नक्की सांगत नाही, मागच्या वेळी नक्की म्हणालो होतो.

सांगलीच्या स्थळाला पत्रिका द्या, माझी ना नाही. फक्त "एकटाच राहतो" असं सांगू नका. मार्कसबद्दल विचारलं तर त्यांना माझा नंबर द्या, मी बोलेन.

तुमचा,
अभी