'८६५–८६७ मेगाहर्ट्झ, ५ डीबीआय' असे छापून विकलेल्या सदोष अँटेनांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मातीतला ओलावा मोजणाऱ्या माझ्या लोरा (कमी विजेत लांबवर रेडिओ संदेश पाठवणाऱ्या) सेन्सरांसाठी तुमच्याकडून वरील अँटेना घेतले (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचे माप). ते लावल्यापासून द्राक्षबागेच्या लांबच्या प्लॉटमधले सेन्सर तासन्‌तास गप्प असतात. तुमच्या कस्टमर केअरचे उत्तर एकच: गेटवे (सेन्सरांचे संदेश झेलणारे यंत्र) उंच लावा.

गेटवे शेडच्या छपरावरच आहे. म्हणून अँटेनाच तपासले. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचे छोटे यंत्र) केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट केला आणि मांडवाच्या लोखंडी तारांपासून दूर जाऊन मोजले. प्रत्येक अँटेना ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळतो. तो अमेरिकेतला बँड आहे. आपल्याकडच्या ८६६ ला व्हीएसडब्ल्यूआर (जुळणी सांगणारा आकडा; १ म्हणजे अगदी जुळलेला) ४ च्या वर जातो, म्हणजे ३६ टक्क्यांहून जास्त शक्ती माघारी फिरते. माल दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि लेबल मात्र इथले, असाच याचा अर्थ मी घेतो.

पण एवढ्याने दोनेक डेसिबलच जातात. त्याच खांबावर, त्याच सेन्सरला साडेआठ सेंटिमीटरची तांब्याची तार आणि खाली चार रेडियल (बाहेर पसरलेल्या तारा) लावले, तेव्हा गेटवेवरचा आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) आठ डेसिबलने सुधारला. मग तुमचा एक अँटेना उघडला. आत बोटभर लांबीची तारेची स्प्रिंग निघाली. एवढ्याशा स्प्रिंगेतून ५ डीबीआय कसे मिळणार? हा आकडा कुठे, कशावर मोजला ते मला लेखी हवे आहे.

नुकसान फक्त हुकलेल्या रीडिंगचे नाही. सिग्नल कमी पडला की सेन्सर एसएफ-७ या वेगवान पद्धतीवरून एसएफ-१२ या संथ पण लांब पोचणाऱ्या पद्धतीवर जातो आणि तेच पॅकेट पाठवायला वीसपटीहून जास्त वेळ घेतो. काही वर्षे टिकायची बॅटरी त्यामुळे भराभर उतरते आहे. ऐन छाटणीनंतर पाण्याचा अंदाज चुकला तर घडांवर परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको.

सर्व अँटेनांची पूर्ण रक्कम परत करावी, परतीचा कुरिअर खर्च तुम्ही द्यावा. विक्रीच्या पानावरचा ५ डीबीआयचा दावा काढून त्या जागी ८६५ ते ८६७ मधला मोजलेला आलेख द्यावा. तोही प्रत्येक नव्या लॉटचा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. मोजणीचे स्क्रीनशॉट, उघडलेल्या अँटेनाचा फोटो आणि बिल सोबत जोडले आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक