आधी शाफ्ट हलवून बघायला लावलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

जुन्या लेथच्या बॅक गिअरचा (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरचा) दाता तुटला तेव्हा मी तुम्हाला फोन केला तो फक्त दाते कापायचा कटर मागायला. तुम्ही कटर दिलात, शिवाय तीन रविवारही दिलेत. त्याचे आभार चारचौघांसमोर मानायचे होते.

गिअरला ३२ दाते, बाहेरचा व्यास ५३.९ मिमी. मी १.५ मॉड्यूल (दात्याचं मिलिमीटरमधलं माप) धरून बसलो होतो. "दात्यांत दोन मिळव आणि व्यासाला भाग दे," म्हणालात. उत्तर आलं १.५८५. "हा इंचातला आहे, १६ डीपी (दात्याचं इंचातलं माप)." मग शाबूत दात्यांच्या खाचेत कटर धरून उजेडासमोर दाखवलात. माझ्याकडचा २० अंशांचा (दात्याच्या बाजूच्या उताराचा कोन) कटर खाचेत नीट बसत नव्हता, तुमचा साडेचौदाचा चपखल बसला. तो फरक मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला.

पण खरे आभार पुढच्या प्रश्नाचे. "दाता का तुटला?" डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून शाफ्ट वर उचललात आणि काटा ०.४ मिमी सरकला. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजलेला होता. गिअर एकमेकांपासून लांब गेले होते आणि सगळा जोर दात्याच्या टोकावर येत होता; दाता मुळातून गेला तो त्यामुळे. मी नुसता गिअर बसवला असता तर तोही तसाच गेला असता.

बॅक गिअर सोडून लेथ सरळ वेगात चालत होतं, म्हणून फॉस्फर ब्राँझचा बुश त्याच्यावरच टर्न केला. मी बोअर थेट मापात काढायला निघालो, तर तुम्ही हात धरलात: दाबून बसवल्यावर भोक आवळतं, रीमर (भोक नेमक्या मापात आणणारं हत्यार) नंतर फिरवायचा. तसंच झालं. आधी सैल जाणारा शाफ्ट बुश दाबल्यावर आत शिरेना.

दाते कापताना दर दात्याला डिव्हायडिंग हेडच्या (गिअर समान भागांत फिरवणाऱ्या साधनाच्या) हँडलचा एक पूर्ण फेरा आणि १६ भोकांच्या वर्तुळावर चार भोकं, असं बत्तीस वेळा. खोली ३.४२ मिमी. तुम्ही शेजारी उभे राहून एकेक दाता मोजत होतात.

जोडणीनंतर दोन गिअरमधून कागदाची पट्टी फिरवली. सगळीकडे सारख्या चुण्या, फाटली कुठेच नाही. ती पट्टी मी वहीत ठेवली आहे. कटर पुसून, तेल लावून ठेवलाय. येत्या रविवारी आणून देतो.

तुमचा,
लेथवाला पुतण्या