बोटं उजव्या हाताची गेली, डाव्या नव्हे

प्रति,
मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ब्लॅक सॅबथ ह्या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमवर लेख बघितला आणि वाचता वाचता चहा गार झाला. मराठीत असल्या बँडवर कोण लिहितंय, त्यामुळं आधी आभार मानतो. पण लेखकानं शेवटाला जो निकाल लावलाय, की समीक्षकांनी तेव्हाच ओळखलेलं की हा नुसता गोंगाट आहे आणि पोरं भुलली ती कव्हरवरच्या काळ्या कपड्यातल्या बाईला नि सैतानाच्या नावाला, ते काय पटलं नाही बघा.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनचं, छोटं शॉप चालवतो, तीन प्रेस आणि सहा माणसं, पन्नाशी उलटून गेलीय. हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो कॅसेटवर, कॉपीवरनं केलेली कॉपी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला आख्खा मावायचा कारण आहेच अडतीस मिनिटांचा, आणि दुसऱ्या बाजूला थोरल्या भावानं अभंग भरलेले, त्यामुळं बाजू चुकली की घरात एकतर आई खूश नाहीतर मी.

आता समीक्षेचं. 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जनं लिहिलेलं की हे क्रीम ह्या बँडसारखंच आहे पण त्याहून वाईट, क्रिस्टगाऊ ह्या दुसऱ्या समीक्षकानं पण झोडपला, हे तुमच्या लेखात आलंय आणि ते खरंय. पण 13 फेब्रुवारी 1970 ला अल्बम इंग्लंडमध्ये बाहेर आला आणि तिथं आठव्या नंबरला गेला, अमेरिकेत तेविसाव्या, हे लेखात कुठं आलंच नाही. आणि ह्याच 'रोलिंग स्टोन'नं 2017 ला मेटलच्या शंभर अल्बमची यादी काढली तेव्हा हा पाचवा ठेवला, आता बोला. बँग्ज येडा होता असं मी म्हणणार नाही, मूळ रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ते लांबलचक 'वॉर्निंग' गाणं आहे, गिटार नुसती फिरत बसते, तिथं मी पण फॉरवर्ड मारायचो. तेव्हा ही पोरं ब्लूज वाजवणारीच होती, त्यामुळं क्रीमची आठवण येणार हे मान्य. पण बँग्ज बोटांची सफाई मोजत बसला, आणि ह्या अल्बममध्ये मोजायचं असतं ते वजन.

ते वजन कुठनं आलं हे लेखकाला सांगता आलं असतं, पण त्यानं नेमकं तिथंच दोन ओळीत उरकलं आणि त्यातही दोन चुका केल्या. बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये शीट मेटलच्या कारखान्यात कामाला होता, वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. नेहमी मशीनवर असणारा माणूस आला नव्हता म्हणून ह्याला तिथं उभा केला आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. लेखात छापलंय डावा हात. गेली ती उजव्या हाताची, कारण आयोमी डावखुरा, त्याचा उजवा हात तारा दाबायचा. डाव्याची गेली असती तर कदाचित एवढं अडलं नसतं, प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, कसंतरी धरता येतं. नंतर त्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट ह्या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली, त्या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झालेली आणि तरी वाजवायचा तो. मग ह्या गड्यानं साबणाच्या प्लास्टिक बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या आणि परत उभा राहिला. दुसरी चूक म्हणजे ह्या अल्बममध्ये गिटार खालच्या सुरात उतरवलीय असं लिहिलंय. तसं त्यांनी 1971 च्या तिसऱ्या अल्बमात केलं, इथं गिटार नेहमीच्याच सुरात आहे आणि तरी एवढी जड वाजते हीच तर गंमत आहे.

माझ्याकडं एका पोराचं पेर गेलंय. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची म्हणजे हात डायमध्ये, जिथं पत्रा दाबला जातो तिथं, राहत नाही, आणि पीस जास्त निघावेत म्हणून एका बटणाला चिकटपट्टी मारून ठेवतात, माझ्याच शॉपमध्ये मारलेली होती आणि मला ते माहीत होतं. आता रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी मी स्वतः बटणं बघतो. असो, तो विषय वेगळा. पण त्यानंतर हा अल्बम ऐकला तेव्हा तो आधी ऐकलेला वाटला नाही.

आणि बाकीचेही काय कुठल्या राजवाड्यातनं आलेले नव्हते. गाणारा ऑझी कत्तलखान्यात काम केलेला, गाड्यांचे हॉर्न ट्यून केलेला. रेकॉर्डिंग 16 ऑक्टोबर 1969 ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, एका दिवसात. बँड एकत्र वाजवतोय, ऑझी वेगळ्या खोपटात उभा राहून त्याच वेळी गातोय, मधेच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचं पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, गेलं म्हणून स्पेअर आणलेली गिब्सन एसजी गिटार उचलली. पाऊस आणि घंटा नंतर घातलं. अर्जंट जॉब कसा निघतो ते आम्हाला विचारा, दुरुस्तीला वेळ नसतो म्हणून हात जे देतो ते जातं.

सैतानाचं म्हणाल तर लेखात त्या पहिल्या गाण्याच्या तीन सुरांना 'सैतानाचा स्वर' म्हणून भिती घातलीय. मी ते घरी लावलं, आमची ही पेटी शिकलेली आहे, तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली अहो हा खालचा सा, हा वरचा सा, आणि खाली येऊन थांबला तो तीव्र मध्यम. म्हणजे यमन रागातला. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात शिकवणीला बसलेलं पोरगं पहिल्या वर्षी घोटतं तो स्वर. तिकडं त्याला सैतानाचं नाव पडलं, आपल्याकडं तो संध्याकाळी गायला बसतो. अर्थात यमनात तो वाट काढून पुढं पंचमाकडं जातो आणि इथं नुसताच लोंबकळत ठेवलाय, थरथरवलाय, भिती त्याची वाटते हे पण तिनंच सांगितलं, मला एवढं कळत नाही.

तसंच ह्याच अल्बममधल्या 'एन.आय.बी.' ह्या गाण्याच्या नावाचा लेखात कायतरी काळ्या जादूचा अर्थ लावलाय. ड्रम वाजवणाऱ्या बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबासारखी दिसायची, म्हणून निब. गाण्यात सैतान आहे, नाही असं नाही, पण तो एका बाईच्या प्रेमात पडलाय आणि तिला आर्जवं करतोय.

22 जुलै 2025 ला ऑझी गेला, त्याच्या सतराच दिवस आधी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम झालेला, चौघं मूळचे एकत्र. तेव्हाही आपल्या पेपरात त्यानं स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलेलं त्याचीच बातमी आली. ते वटवाघूळ 1982 चं, ऑझी सॅबथमधनं बाहेर पडल्यावरचं. ते सोडून दिलं. पण हाताची चूक सोडू नका, पुढच्या रविवारी दोन ओळीत दुरुस्ती छापा, शॉपमध्ये कात्रण लावायचं आहे.

आपला नेहमीचा वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर