कणसाचा शिक्का

कुपवाड, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'बीपीची गोळी घेतली का' असं विचारतील. घरात विचारून झालंय. म्हणून तुला लिहितोय.

प्रकृती ठीक. शुगर आहे तिथंच.

तर ऐक. आपल्या फाउंड्रीवाल्यानं (नाव लिहीत नाही, तू ओळखशीलच) टेम्पोभर जुन्या फळ्या पाठवल्यात. त्याच्याकडं बाहेरून मशिनं येतात, त्यांची पाइनची खोकी मोडून ठेवलेली. ह्याचेच पॅलेट ठोका म्हणाला, जर्मनीला कास्टिंग जायचंय. फळ्यांवर चीनचा शिक्का होताच. गव्हाचं कणीस, शेजारी एचटी, म्हणजे कीड मारायला लाकूड तापवलंय. 'एकदा तापवलंय तिकडं, परत तापवायचे पैसे कशाला लावता?' त्याला किती वेळा सांगितलं, की फळी कापून नवा पॅलेट ठोकला की जुना शिक्का खोडायचा, माल परत चेंबरला लावायचा, गाभ्यात ५६ डिग्री ३० मिनिटं धरायची आणि मगच आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. नियम माझ्या बापानं केला नाही. पण ऐकतोय कोण?

ते भांडण रोजचंच आहे, त्यासाठी पत्र लिहिलं नसतं. एक फळी कापली तर आत करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्यात भुसा ठासून भरलेला. पिठासारखा नव्हे, लांब धाग्यांचा, जाडाभरडा. पाइन पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी-बिळी काही नाही, गेलेली. मी पोरांना कटर बंद करायला सांगितलं. पोरं म्हणाली, मालकांना नागीण दिसली वाटतं.

पुढं मी काय केलं असेल हे तुला सांगायला नको. नरसाळं, खाली रबरी नळी, नळीला चिमटा, वर टिश्यू पेपरात लाकडाचा चुरा, आणि रात्रभर पाणी. नरसाळं स्वयंपाकघरातलं, तेलाचं. सुनंदा त्यावरून अजून बोलत नाही. सकाळी चिमटा सोडला, तळाचं पाणी काचेवर घेतलं, आपला तो लिलावातला मायक्रोस्कोप लावला आणि लेका, सूत्रकृमींची वळवळ! एवढ्या वर्षांनी. एकटाच हसत बसलो होतो. मग हसू गेलं.

तोंडातली सुई बारीक. अन्ननलिकेचा मधला फुगा चांगला मोठा, जवळजवळ अंगाच्या रुंदीचा. मादीची शेपटी गोल असेल तर झायलोफिलस, तो पाइन मारणारा, टोकाला काटा असेल तर म्युक्रोनेटस, त्याचा भाऊबंद, हे तूच माझ्याकडून घोकून घेतलंस. पण अमेरिकेतल्या काही झायलोफिलस माद्यांनाही काटा असतो, हेही तूच नंतर सांगितलंस, परीक्षा झाल्यावर! शिवाय ह्या फळ्या अख्खा पावसाळा त्याच्या आवारात उघड्यावर भिजल्यात. भिजक्या लाकडात बुरशी येते, बुरशी खायला आपले गावठी सूत्रकृमी येतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जातींचा फुगा असाच असतो. म्हणजे हे तासगावचे का चीनमधल्या नानजिंगचे, हे माझ्या डोळ्यांना कळणार नाही. डीएनएच लागणार.

शुक्रवारी फाउंड्रीचा मालक स्वतः आला. ह्यावेळी तयारी करून आलेला, कुणीतरी शिकवून पाठवलेलं. म्हणतो, 'भारतात तो झायलोफिलस किडा नाहीच, मग भीती कसली?' मी म्हटलं, लाकूड भारतातलं कुठाय? गप्प झाला. मग म्हणाला, 'बरं, युरोपात तर १९९९ मध्येच पोचलाय ना पोर्तुगालला? मग माझ्या दोन पॅलेटनी काय फरक पडतो?'

दिन्या, ह्या प्रश्नावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून झोप नाही. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण ते त्याला कुठल्या भाषेत सांगायचं? तू असतास तर ओरडला असतास.

आता तुझं ते जेवणाच्या पाटावरचं वाक्य काढतो. आमच्या आप्पांची द्राक्षबाग, सगळी थॉमसन, सगळी डॉगरिजच्या खुंटावर. आणि तू पुरणपोळी खाता खाता म्हणालास, 'काका, ही बाग नव्हे, ह्या एकाच माणसाच्या झेरॉक्स आहेत. एक रोग आला की सगळ्या एकदम जातील.' आप्पा काही बोलले नाहीत. तू गेल्यावर मात्र आठवडाभर बोलत होते. बाग पुढं गेली ती पाण्यानं आणि बेदाण्याच्या भावानं, रोगानं नव्हे, हे तुला मी शंभरदा ऐकवलंय. परत ऐकवतो.

पण मुद्दा तुझाच घेऊ. विविधता कमी, तो जीव कच्चा. मग पोर्तुगालचं काय? मूळ घर अमेरिका. तिथं ह्या कृमीत विविधता भरपूर, आणि तिथल्या पाइनना त्याची सवय, बहुतेक झाडं मरत नाहीत. तिथून थोडेच कुठल्यातरी लाकडातून बाहेर पडले. पोर्तुगालमध्ये सापडलेले एकमेकांशी इतके सारखे, की तुझ्या भाषेत झेरॉक्सच. तरी सेतुबलकडून सुरू झालेला रोग देशभर गेला, पुढं माडेइरा बेटावर, स्पेनमध्ये. कारण समोरच्या झाडानं त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. एक मिलीमीटरही लांबी नाही, भुंगेऱ्याच्या श्वासनळ्यांत बसून नव्या झाडावर जातो, डहाळीवरच्या कुरतडलेल्या जखमेतून आत शिरतो, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत पिढी. आधी राळ आटते, मग सुया लाल होतात, संपलं. जपानात १९०५ पासून नागासाकीकडची झाडं मरत होती आणि कारण सापडलं १९७१ साली! तोवर सगळे भुंगेऱ्यालाच शिव्या घालत होते. १९७९ च्या सुमाराला वर्षाला २४ लाख घनमीटर लाकूड गेलं त्यांचं.

म्हणजे तुझा नियम तिथं हरला का? नाही, आणि इथंच मालकाचं उत्तर आहे. जपानातले सगळे कृमी सारखे नाहीत. काही झाड मारतात, काही नुसते राहतात. एकाच जातीत एवढा फरक. पाइनच्या टिकणाऱ्या जातीचं रोप तयार करतात तिकडं, कृमी टोचून बघतात, जी वाचतात ती लावतात. आता जे कृमी टोचले त्यांना रोप पुरून उरलं, आणि उद्या कुणाच्या पॅलेटमधून दुसरेच गुण असलेले उतरले, तर? ह्यांच्यात नर-मादी आहेत, आपल्या हळदीतल्या गाठीवाल्या इन्कॉग्निटा कृमीसारखं बिननराचं नाही. जुन्यांशी संकर होणार. 'पोचलाय की' म्हणजे त्यातला एक थोडका वाण पोचलाय. दुसरी खेप पहिल्या खेपेची भर नसते, तो नवाच पाहुणा असतो. हे मी शनिवारी फोनवर त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे किती रुपये पॅलेटला?'

आमचा रोहन म्हणतो, बाबा, शेजारचा नुसता शिक्का मारून देतो, स्वस्तात. मलाही माहीत आहे. काम गेलं तर सगळंच जाईल, ह्याचं एकट्याचं बिल माझा निम्मा धंदा आहे. हे तुला मी पगारवाल्याला कसं समजावू! रागावू नकोस, पण खरं आहे.

तापवणार तर मी आहेच. आज दुपारी प्रोब सगळ्यात जाड फळीत घालून चेंबर लावला, पैसे दिले तर दिले. खरी पंचाईत वेगळी आहे. तापवलं की सगळं मेलं, पॅलेट स्वच्छ, कुणी काही विचारणार नाही. पण ते कोण होते, भोक पाडणारा कुठून आला, ह्या फळ्यांची बाकीची भावंडं कुणाच्या आवारात पडलीत? सह्याद्रीत पाइन नाही म्हणून आपण बिनधास्त, पण ट्रक हिमाचललाही जातात, आणि तिथं चीर पाइनचं जंगल आहे. सरकारच्या प्लांट क्वारंटाइनला कळवावं तर सगळ्यात आधी माझंच आवार बंद होईल, आणि शेवटी निघायचे गावठी बुरशीखाऊ. पक्या म्हणतो गप्प बस. पक्या कॉलेजातही हेच म्हणायचा.

म्हणून भोकाची फळी कापून, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून कपाटात ठेवलीय, कुलूप लावून. काही कृमी अल्कोहोलमध्ये घेतलेत. फॉर्मालिनमध्ये नाही, तू त्यावरून केलेला तमाशा विसरलो नाही. तुझ्या त्या लॅबमध्ये डीएनए तपासायचं पीसीआर अजून चालू आहे ना? नुसती जात सांगितलीस तरी पुरे. म्युक्रोनेटस निघाला तरी मला चालेल, निदान बाहेरचा होता हे कळेल. झायलोफिलस निघाला तर मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन कळवतो, आवार बंद झालं तर झालं. पण उगाच संशयावर नाही.

काकूंचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का? अस्मितेचं ठरलं असं अव्याकडून कळलं, तू का नाही सांगितलंस? मुलगा नाशिकचा म्हणे. तारीख कळव, हळद सांगलीची मी आणणार, बाजारातली घेऊ नका.

नळी कुरियरनं पाठवायची की रोहन पुण्याला येतोय बुधवारी त्याच्याकडं देऊ, तेवढं कळव. अल्कोहोल आहे म्हणून कुरियरवाले घेत नाहीत बहुधा. आणि फोन करू नकोस, मेसेज कर. फोनवर तू आधी शेपटीबद्दल परीक्षा घेशील, आणि मला खरंच आठवत नाहीय काटा किती मायक्रॉनचा ते.

तुझा,
बाळ्या

ता. क. मालकाचा आत्ताच मेसेज आला. पॅलेट उद्या सकाळी हवेत आणि 'हीटचं बघू नंतर'. मी बिलात लावलंय.