हॅरिसन फुकट गेला नाही: मंदारला पत्र

चँडलर, ॲरिझोना
फेब्रुवारी २०२५

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सरळ म्हणालास, "तुमचा हॅरिसन फुकट गेला." हॅरिसन म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या ॲरिझोना कार्डिनल्सचा नवखा रिसीव्हर, पास झेलणारा खेळाडू. तेव्हा मी विषय बदलला, कारण हंगामभर मनात साठलेलं इतकं होतं की फोनवर त्याची नुसती भांडाभांडी झाली असती. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या बाजूने जे आहे ते आधी मांडतो. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, कार्डिनल्सनी मार्विन हॅरिसन ज्युनियरला चौथ्या क्रमांकावर घेतलं. तुमच्या न्यूयॉर्क जायंट्सना सहाव्या क्रमांकावर मलिक नेबर्स हा रिसीव्हर मिळाला. नेबर्सने १५ सामन्यांत १०९ कॅच (झेललेले पास) आणि १२०४ यार्ड (त्यांवर कमावलेलं अंतर) काढले, तेही वेगवेगळे क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारे खेळाडू, चेंडू फेकत असताना आणि संघ ३-१४ (तीन विजय, चौदा पराभव) असा बुडत असताना. जॅक्सनव्हिलचा ब्रायन थॉमस ज्युनियर २३ व्या क्रमांकावर गेला होता, त्याचे १२८२ यार्ड आणि १० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण). चार्जर्सचा लॅड मकॉन्की तर दुसऱ्या फेरीतला, त्याचेही ११४९. आणि आमचा हॅरिसन? १७ सामने, ६२ कॅच, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. ओहायो स्टेटमध्ये सलग दोन वर्षं १४-१४ टचडाउन करून आलेल्या पोराकडून हजार यार्डांची अपेक्षा ठेवणं चूक नव्हतं. ती पूर्ण झाली नाही, हे खरंच आहे.

पण रिसीव्हरचा खेळ निम्मा दुसऱ्याच्या हातात असतो. तो कितीही मोकळा सुटला तरी चेंडू आला नाही तर आकड्यांत त्याची कुठे नोंदच होत नाही. म्हणून नवख्या रिसीव्हरचं पहिलं वर्ष बघताना मी एकूण यार्डांच्या आधी एकच विचारतो: त्याच्याकडे किती चेंडू फेकले, कसले फेकले आणि त्यांचं त्याने काय केलं?

नेबर्सकडे १७० चेंडू फेकले गेले, हॅरिसनकडे ११६. दर फेकीमागे हिशोब कर. नेबर्सचे साधारण ७.१ यार्ड येतात, हॅरिसनचे ७.६. दर कॅचमागे नेबर्सचे ११, हॅरिसनचे १४ च्या वर. यावरून हॅरिसन सरस ठरतो असं मी म्हणत नाही. आठवड्यामागून आठवडा मोकळं होऊन, क्वार्टरबॅकला आपल्याकडेच चेंडू फेकायला लावणं हेही कसबच आहे आणि त्यात नेबर्स पुढे आहे. पण "फुकट गेला" हे या आकड्यांत बसत नाही.

आता चेंडू कसले होते ते बघ. आमचं आक्रमण आखणारा प्रशिक्षक ड्रू पेट्झिंग, त्याच्या आखणीत जवळचे, मधल्या पट्ट्यातले, हमखास मिळणारे पास ट्रे मॅकब्राइडचे. त्या टाइट एंडने (अडवणं आणि पास घेणं ही दोन्ही कामं करणारा खेळाडू) १११ कॅच घेतले, आणि घ्यायलाच हवे होते, संघातला सर्वांत भरवशाचा माणूस तोच. हॅरिसनच्या वाट्याला उरले ते बाहेरच्या रेषेलगतचे, लांबचे, अंगाला चिकटलेल्या कॉर्नरबॅकच्या, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूच्या, डोक्यावरून घ्यायचे चेंडू. फलंदाजाला फक्त उंच फटके मारायला सांगायचं आणि मग त्याची सरासरी मोजायची, तशातला प्रकार. कॅच घेतल्यावर मोकळ्या मैदानात पळायची संधी त्याला क्वचितच मिळाली. ११६ पैकी ६२, म्हणजे निम्म्याहून जरा जास्तच चेंडू हाती लागले, यातला मोठा वाटा मी या वापराला देतो.

मोठा, पण सगळा नाही. सामने बघताना दोन गोष्टी मला सतत टोचत राहिल्या. चेंडू थोडा आखूड पडला की हॅरिसन मागे वळून त्याच्यावर झेपावत नाही, तो आपल्यापर्यंत येईल म्हणून थांबतो, आणि तेवढ्यात कॉर्नरबॅक मध्ये हात घालतो. कॉलेजात सहा फूट तीन इंच उंची आणि ते हात पुरायचे, इथे नाही पुरत. दुसरं म्हणजे आमचा क्वार्टरबॅक कायलर मरे त्याला राखणाऱ्यांच्या घेऱ्यातून बाहेर पडून पळू लागला की मॅकब्राइड लगेच त्याला दिसेल अशा जागी सरकतो. हॅरिसन आपला रूट, म्हणजे पळायचा ठरलेला मार्ग, संपवून तिथेच उभा. मरेसारख्या क्वार्टरबॅकबरोबर खेळताना ही सवय लागलीच पाहिजे. हे दोष त्याचे स्वतःचे आहेत आणि त्यांचं खापर मी पेट्झिंगवर फोडणार नाही.

पदार्पणात बफेलोला एकच कॅच, चार यार्ड. लगेच पुढच्या रविवारी रॅम्सविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्यात) चार कॅच, १३० यार्ड आणि दोन टचडाउन, त्यातला एक ६० यार्डांचा. तो सामना आम्ही ४१-१० जिंकला, पण पहिल्या क्वार्टरनंतर त्याच्या नावावर एकही कॅच नाही! मला अख्खा हंगाम त्या एका दुपारी दिसला. हा मुलगा काय करू शकतो तेही, आणि आपल्याच संघाला त्याचा विसर कसा पडतो तेही. ग्रीन बेला डोक्याला मार लागून तो बाहेर पडला, आणि दोनच आठवड्यांनी मायामीत १११ यार्ड आणि एक टचडाउन. तो सामना आम्ही एका गुणाने काढला. एका सामन्यात शंभर यार्ड त्याने या दोनदाच ओलांडले. विश्रांतीच्या आठवड्यापर्यंत आम्ही ६-४ होतो, पुढच्या सातांपैकी पाच हरलो आणि ८-९ वर संपलो. त्या घसरणीत त्याच्याकडून आणखी हवं होतं.

त्याचे ८ टचडाउन मात्र तू सोडून देतोस. मरेने वर्षभरात २१ टचडाउन पास दिले, त्यातले आठ हॅरिसनने घेतले. मॅकब्राइडने पासवर घेतले फक्त दोन. शेवटच्या वीस यार्डांत, जिथे जागाच नसते, तिथे संघ याच्याकडे बघतो. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हा विश्वास मिळतो तो नावामुळे नाही मिळत.

नावाचा विषय निघालाच आहे तर वडिलांचे आकडे काढून बघ. मार्विन हॅरिसन सीनियर, १९९६, कोल्ट्सबरोबर पहिला हंगाम: ६४ कॅच, ८३६ यार्ड, ८ टचडाउन. बापलेकांचे आकडे इतके जवळ आहेत की मी पुन्हा तपासून बघितले. वडिलांनी हजार यार्ड गाठले ते थेट चौथ्या वर्षी, १९९९ मध्ये, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं दुसरं वर्ष चालू असताना, आणि गाठले ते १६६३! आमच्याच लॅरी फिट्झजेराल्डचं बघ. २००४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला, पहिल्या वर्षी ५८ कॅच, ७८० यार्ड, ८ टचडाउन. दुसऱ्या वर्षी क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर आला आणि १०३ कॅच, १४०९ यार्ड. ज्युनियर तेवढा मोठा होईलच असं यातून सिद्ध होत नाही. असेच आकडे काढून पुढे विझून गेलेलेही असतील. पण पहिल्या वर्षाच्या यार्डांवरून निकाल लावणारे त्या दोघांच्या बाबतीत तोंडघशी पडले असते.

दहापैकी सात देतो मी त्याला. एक गुण संघाने घालवला, दोन त्याने स्वतः.

सप्टेंबरपासून मी तीन गोष्टींवर नजर ठेवणार आहे: त्याला आतल्या जागेवर उभं करून तिरके, जवळचे पास देतात का, आखूड चेंडूवर तो वळून झेपावतो का, आणि मरे पळू लागला की त्याचे पाय हलतात का. तू नेबर्सबद्दल असंच लिहून पाठव. विशेषतः मला हे सांग, की जायंट्सला धड क्वार्टरबॅक मिळाला आणि इतर रिसीव्हरही चालू लागले, तर त्याच्याकडे १७० चेंडू येतील का, आणि न आल्यास तू त्याला कमी लेखशील का?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. एडिसनच्या थंडीत तब्येत सांभाळ.

तुझा,
शेखर