तेरावा अध्याय पाठ, चौदावा विसरलेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० जानेवारी आला की कुष्ठरोग जागृतीच्या बातम्या येतात. फेरी, शपथ, पाहुण्यांचा फोटो. यंदा त्या वाचताना आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) एक गोष्ट टोचत राहिली, म्हणून हे पत्र.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत साठी उलटलेले एक काका येतात. येत होते म्हणू. दहा-बारा वर्षांमागे त्यांना हा रोग झाला, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या वर्षभर घेतल्या आणि बरे झाले. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. मागे एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्यावर उपदेश केला, चांगला केला. त्याच उपासनेत प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) होतं आणि आमच्याकडे एकच प्याला फिरतो. काका रांगेत आले तसे त्यांच्या मागचे एक गृहस्थ मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. एका बाईंनी पोराला हाताला धरून पुढे घातलं. काकांनी ते बघितलं आणि आपणहून सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या पुढे होतो. ‘बरं झालं, आपण आधीच पुढे आहोत’ असं माझ्या मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं ते हेच.

औषध सुरू झालं की रोगी थोड्याच काळात दुसऱ्याला रोग देईनासा होतो. गोळ्यांचं पाकीट फुकट मिळतं, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. बोटं वाकतात ती नसा दुखावल्यामुळे. जंतू मेले तरी तेवढी खूण मागे राहते. हे सगळं आशाताई दारात येऊन सांगतात. आमच्या भागात पत्रक कानडीत, पाकीट इंग्रजीत आणि म्हातारीची शंका मराठीत, ही अडचण आहेच. पण आमच्या रांगेतल्या माणसांना तीही नव्हती. बहुतेक शिकलेले, दोघे तर मास्तर.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आम्हाला तोंडपाठ आहे. रोग्याने ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. (तिथलं कुष्ठ म्हणजे आजचा हाच रोग, असंही नाही, त्या अध्यायांत कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही कुष्ठ होतं.) लगेच पुढचा चौदावा अध्याय मात्र कोणी उघडत नाही. त्यात बऱ्या झालेल्या माणसाला परत कसं घ्यायचं ते लिहिलंय. तो आपणहून आत येत नाही, याजक (पुरोहित) छावणीबाहेर त्याच्याकडे जातो, त्याला तपासतो आणि मगच त्याची वाट मोकळी होते. म्हणून तर मार्कमध्ये येशू त्या कुष्ठरोग्याला बरं केल्यावर ‘जा, याजकाला दाखव’ म्हणतो. अंग बरं होणं एक आणि गावाने परत घेणं दुसरं, हे त्याला ठाऊक होतं. आणि हात त्याने आधी लावला, माणूस नंतर बरा झाला. मार्कच्या त्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीवर उपदेश मी तरी ऐकलेला नाही: तो माणूस गावभर सांगत सुटला आणि येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. जागांची अदलाबदलच झाली म्हणायची.

कायद्याने आपला चौदावा अध्याय उशिरा का होईना, लिहिला. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे सोडचिठ्ठीचं कारण होतं; ते २०१९ मध्ये काढलं, हिंदू आणि मुस्लिम विवाहांच्या कायद्यांतूनही काढलं. मंडळीच्या रांगेला असा कायदा लागू नाही. हिंडलगा म्हटलं की बेळगावकराला तुरुंग आठवतो. तिथेच कुष्ठरोग्यांचं इस्पितळही आहे. नाताळात तिकडे फळं घेऊन जाणारे आम्हीच. वाटणं सोपं असतं, एका प्याल्याला तोंड लावायचं म्हटलं की पंचाईत.

काका त्यानंतर तीन रविवार आले नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांच्या गावी जाऊन आलो. काकूंनी चहा टाकला. काकांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि मी तो उचलेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. त्या रविवारचा विषय मीच काढला, माफी मागितली. ते म्हणाले, “सोडा हो, माणसं भितात.” येत्या रविवारी बरोबर जाऊया, मी गाडी घेऊन येतो म्हटलं, तर म्हणाले, “ऊस तोडायला टोळी यायची हाय, बघू.” टोळी रविवारी येणार नव्हती, हे काकूंच्या तोंडावरून कळलं. मी पुढच्या रविवारीही जाणार आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)