चिनी तत्त्वज्ञान वाचायचंय? 'लुन्यू'पासून सुरू करा

मा. संपादक,
स.न.

चिनी तत्त्वज्ञान म्हटलं की सगळे आधी 'ताओ ते चिंग' हा ताओ विचाराचा मूळ ग्रंथ उचलतात, ८१ छोटी प्रकरणं, पटकन होईल असं वाटतं, पण थोड्याच पानांत गाडी अडते कारण हे कोणाला उद्देशून चाललंय तेच कळत नाही. त्यापेक्षा कन्फ्यूशियसचं 'लुन्यू' घ्या. त्याच्या बोलण्याच्या आठवणी, २० भाग, कुठूनही उघडा. एका जागी तबेला जळतो, कन्फ्यूशियस दरबारातून परत येतो आणि विचारतो, कुणाला लागलं तर नाही ना? घोड्यांबद्दल एक शब्द नाही. एवढंच! पण माणूस डोळ्यासमोर उभा राहतो.

मग मेन्शियस, कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत. विहिरीत पडू पाहणारं पोर दिसलं की कुणाच्याही काळजात धस्स होतंच, म्हणून माणूस मुळात चांगला असं तो म्हणतो आणि पुढे त्याच परंपरेतला श्युन्झी ते सरळ खोडून काढतो. हा वाद नीट कळला की 'च्वांगझी' या ताओ विचाराच्या ग्रंथातला बैल कापणारा आचारी वाचा, १९ वर्षं तोच सुरा आणि धार तशीच, कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यातल्या फटीतून सुरा फिरवतो.

मोझी, हान फेई हे बाकीचे जुने चिनी विचारवंत नंतर बघता येतील.

रविवार पुरवणीत असा एकेक उतारा मराठीत, छोटी टीप देऊन छापाल का? कॉलेजची पोरं नक्की वाचतील.

— एक वाचक, सांगली